मेहुणा म्हणतो

ॲन आर्बर
१५ जानेवारी १९८९

प्रिय श्रीरंग,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहोत. दर रविवारी आपण फोनवर बोलतोच, मग अक्काला आज पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. पण आमचा फोन अजून स्वयंपाकघरातल्या भिंतीलाच आहे आणि तुझे दाजी हल्ली बहुतेक वेळ त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. ऐकायला त्यांना सगळं येतं. त्यामुळे गेले कित्येक महिने मी तुला 'बरं आहे, सुधारणा आहे' एवढंच सांगत आले. आज दीपा त्यांना घेऊन मॉलमध्ये गेली आहे. बाहेर सगळीकडे बर्फ कडक झालंय, म्हणून डॉक्टरांनी मॉलमध्ये चालायला सांगितलंय. दुकानं उघडायच्या आधी तिथे सगळी म्हातारी माणसं गोल गोल फिरत असतात आणि त्यांच्यात आमची सोळा वर्षांची दीपा वडिलांचा हात धरून चालते. दोघं येईपर्यंत मला निवांतपणा आहे.

काल संक्रांत झाली. तीळ नीट भाजले होते, पण गुळाच्या जागी इथली ब्राउन शुगर वापरल्यामुळे वड्या काही धरल्या नाहीत. नंदाला सांग, वन्संची कबुली आहे, तिने धाडलेली कृती बरोबरच होती, माझंच घाईत बिनसलं. गुरुवारी लायब्ररीतून घरी येताना बस नॉर्थ कॅम्पसवरून वळली आणि आपलं जुनं अपार्टमेंट दिसलं. खिडकीत कोणीतरी कोरियन बाई रोपांना पाणी घालत होती. त्या खिडकीखाली आपला सोफा होता, तो उघडून पलंग व्हायचा असं दुकानदार म्हणाला होता आणि तो एकदाही उघडला नाही. तू त्याच्यावर पाय दुमडून दोन वर्षं झोपलास. ७६ च्या ऑगस्टमध्ये तू आलास तेव्हा आईनं तुझ्याबरोबर दिलेल्या मेतकुटाच्या डब्याचं झाकण उघडून तुझे सगळे शर्ट पिवळे झाले होते. ते धुवायला आपण दोघं खालच्या लाँड्रीत गेलो आणि वर येऊन पाहतो तर दाजी टीव्हीसमोर बसून कोणाशी तरी बोलावं तसं स्वतःशी बोलत होते. निवडणुकीचं वर्ष होतं. तू विचारलंस, 'अक्का, हे रोजच असं असतं का?' मी हो म्हणाले. तिथून तुमचं दोघांचं सुरू झालं.

तेव्हा महाराष्ट्र मंडळातले सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर. आपला एक माणूस अमेरिकेत येऊन अमेरिकेच्या प्रेसिडेंटचा अभ्यास करतो ह्याचं सगळ्यांना हसू यायचं. 'पुरुषोत्तम, ह्यांना ह्यांचा प्रेसिडेंट आपण शिकवायचा का?' असं गणपतीच्या जेवणात कोणीतरी म्हणायचंच. हे हसून सोडून द्यायचे. पण घरी आल्यावर तुला समोर बसवून समजावायचे. त्यांचा तो लग्नघरातल्या यजमानाचा दाखला तुला आठवत असेलच. प्रेसिडेंट म्हणजे लग्नघरातला यजमान, सगळे त्यालाच विचारतात, काही बिघडलं तर बोल त्यालाच, पण आचारी त्याचं ऐकत नाही, वाजंत्री ऐकत नाहीत, भटजींना पुढचं लग्न गाठायचं असतं आणि पैशाची पिशवी असते धाकट्या भावाच्या कमरेला. म्हणजे काँग्रेसच्या, इथल्या संसदेच्या. यजमानाच्या हातात काय, तर मांडवभर हिंडायचं, गोड बोलायचं, ह्याला समजव, त्याला चुचकार. हुकूम सोडून लग्न पार पडत नाही.

आणि तू, सोफ्यावर मांडी घालून, ताटातली भाकरी तशीच ठेवून म्हणाला होतास, 'पण दाजी, काही यजमान नुसते दारात उभे राहिले की आचारी आपोआप हलायला लागतो. ते कशानं?'

त्यांनी भात वाढून घेतला. मग म्हणाले, ते वेळेमुळे. नवीन आलेल्याला सगळे चार दिवस मान देतात. संकट आलं की लोक त्याच्याभोवती गोळा होतात. भाव चढले, नोकऱ्या गेल्या, की तेच लोक पाठ फिरवतात. माणूस तोच असतो, वेळ बदलते. तू म्हणालास, वेळ नाही, माणूस. आवाज, चेहरा, नशीब. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. संध्याकाळी साडेसहाच्या बातम्यांना कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठायचं नाही आणि जाहिराती लागल्या की तुमचं पुन्हा चालू. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण खरं सांगू, ते दोन आवाज कानावर असताना केलेला स्वयंपाक मला अजून आठवतो. आता घर मोठं आहे, ओव्हन चांगला आहे, आणि स्वयंपाक करताना मी रेडिओ लावून ठेवते.

तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं धरून ठेवली, तो ७९ चा नोव्हेंबर आठवतो ना. तू डिअरबॉर्नला कारखान्यात नोकरीला लागला होतास. गॅस स्टेशनवर तुला कोणीतरी इराणी समजून शिवी दिली आणि तू घरी येऊन आधी जेवलास, मग ते सांगितलंस. दाजींच्या कॉलेजमध्येही तसंच काहीसं झालं होतं. पण ते आपल्याला त्यांनी निम्मंच सांगितलं. बाकीचं मला आत्ता, गेल्या ऑक्टोबरमध्ये कळलं. कोणाकडून ते पुढे लिहिते.

झालं असं की, ते सकाळी वर्गात शिरले तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, परत जा. ह्यांनी ते पुसलं नाही. खडू घेतला आणि म्हणाले, 'समजा, प्रेसिडेंटनं आज सकाळी ठरवलं की हा प्रोफेसर परत गेला पाहिजे. मी विमानात बसेपर्यंत कोणाकोणाला त्याचं ऐकावं लागेल, सांगा.' मग एकजण म्हणाला, इमिग्रेशनचा माणूस. ह्यांनी लिहिलं. त्या माणसाला कायदा लागेल, म्हणजे काँग्रेस. तेही लिहिलं. कोर्ट, कॉलेजचा प्रेसिडेंट, वकील, शेरीफ, घरमालक, बँक. वर्ग हळूहळू रंगला. मागच्या बाकावर सिटी बस चालवणारी एक बाई होती, ड्यूटी संपवून शिकायला यायची. ती म्हणाली, माझ्या बसनं नेणार असाल तर माझी शिफ्ट संपलीय. सगळे हसले. तास संपेपर्यंत फळा नावांनी भरून गेला होता आणि ते 'परत जा' त्यात कुठे होतं ते शोधावं लागत होतं. हे म्हणाले, प्रेसिडेंटची ताकद किती, हे पाहायचं असेल तर त्याच्याकडे पाहू नका, ह्या फळ्याकडे पाहा. ह्यातले किती जण मनापासून हो म्हणतील आणि किती जणांची शिफ्ट संपलेली असेल, तेवढाच प्रश्न आहे.

त्या वेळी घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते की, आज तास बरा झाला.

मग ८१ चा मार्च. नव्या प्रेसिडेंटवर गोळी झाडली ती बातमी आली तेव्हा मी दीपाला शाळेतून आणत होते. संध्याकाळी तू आलास, आणि हॉस्पिटलात नेताना सुद्धा तो माणूस डॉक्टरांची थट्टा करत होता, हे तू तीन-तीनदा सांगितलंस. 'दाजी, हा आचारी हलवणारा यजमान आहे.' आणि त्या उन्हाळ्यात त्याची करकपात काँग्रेसमधून पार झाली तेव्हा तू पेढे म्हणून डोनट घेऊन आलास. ह्यांनी एक खाल्ला. म्हणाले, लोकांची माया वाटली तर ती काही महिने टिकते, ती आटायच्या आत ह्यानं काम उरकून घेतलं, हे मात्र मी मानतो. ते त्याचं कसब. तू म्हणालास, म्हणजे माणूसच ना? आणि हे म्हणाले, 'अर्धा.' तो शब्द म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मला कित्येकदा आठवतं.

पुढच्याच वर्षी तुझी नोकरी गेली. मिशिगनमध्ये तेव्हा घरोघर तेच होतं. शेजारचे दोघं घराच्या किल्ल्या बँकेला देऊन टेक्सासला निघून गेले. तू अपार्टमेंट सोडून आमच्याकडे आलास, ह्या नव्या घराच्या तळघरात. सकाळी बेकारीच्या रांगेत जायचास, दुपारी अर्ज टाइप करायचास. टाइपरायटरचा आवाज बंद पडला की मला काळजी वाटायची. दाजींच्या पुस्तकाप्रमाणे तू आता त्या प्रेसिडेंटच्या विरोधात जायला हवा होतास. देशात तसंच होत होतं, त्याची लोकप्रियता खाली खाली चालली होती. त्यांनी तुला एकदा जेवताना सरळ विचारलं, आता तरी तुझं मत बदललं का? तू पाणी प्यालास. मग म्हणालास, 'दाजी, मी त्या रांगेत दोन तास उभा राहून येतो. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते मला माहीतच आहेत. तो माणूस टीव्हीवर येतो आणि उद्या बरं होईल असं अशा आवाजात सांगतो की, मला सकाळी उठावंसं वाटतं. मला तेवढं पुरतं.'

तू खाली झोपायला गेल्यावर हे बराच वेळ टेबलाशी बसून होते. मला म्हणाले, सुमित्रा, हे मला पुस्तकात कुठे मिळालं नव्हतं. तुला ते कधी बोलले नसतील. मेहुण्यासमोर हार कशी मानायची.

८३ मध्ये तू नव्या नोकरीसाठी दूर पश्चिमेला बेलव्ह्यूला गेलास. ह्यांनी तुझी गाडी स्वतः धुवून दिली होती, मला आठवतंय. ८४ मध्ये तू नागरिक झालास आणि पहिलं मत दिलंस. मत दिल्याबरोबर तू आम्हाला फोन केलास, आवाजात काय आनंद होता. दाजींनी अभिनंदन केलं. स्वतः त्यांनी मात्र भारतीय पासपोर्ट तसाच ठेवला होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, सर्जननं आपल्याच घरच्या माणसाचं ऑपरेशन करू नये, तसं माझं आहे. बाहेरचा आहे म्हणून मला नीट दिसतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबरमध्ये, ते थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. इराणला शस्त्रं विकल्याची भानगड नुकतीच बाहेर आली होती, एका महिन्यात तुझ्या प्रेसिडेंटची लोकप्रियता धाडकन खाली आली होती, आणि तुझे दाजी खुशीत होते. फार खुशीत होते, हे मी मान्य करते. तू दमून आला होतास, नंदाला प्रवास बाधला होता, आणि हे जेवणभर थांबेनात. माणूस, माणूस म्हणत होतास ना, आता सांग. शेवटी तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालास, 'दाजी, तुम्ही वीस वर्षं ह्या घराच्या खिडकीतून आत बघताय. मी दार उघडून आत गेलो. तुम्हाला प्रेसिडेंटबद्दल सगळं माहीत आहे, पण त्याला निवडायला किंवा पाडायला तुमच्याकडे एक मतसुद्धा नाही.'

हे उठून वर गेले. सकाळी तुम्ही निघालात तेव्हा खाली आले नाहीत. त्यानंतर तू माझ्याशी बोलतोस, दीपाशी बोलतोस आणि फोन ठेवायच्या आधी 'दाजींना नमस्कार' म्हणतोस. मी तो दर वेळी पोचवते.

आता गेल्या एप्रिलबद्दल. मी तुला 'माइल्ड स्ट्रोक' म्हणाले होते. तू लगेच तिकीट काढायला निघालास आणि मी नको म्हणाले. त्या वेळी तुझं नाव काढलं की ते मान भिंतीकडे फिरवायचे. मला वाटलं, अजून राग आहे. राग नव्हता रे. त्यांचं इंग्रजी गेलं होतं आणि तुझ्यासमोर तसं यायची त्यांना लाज वाटत होती.

ते वर्गात उभे असताना झालं. वाक्य मध्येच तुटलं आणि पुढचा शब्द आला नाही. उजवा हात आता पुष्कळ सुधारलाय, पाय थोडा ओढतात. पण इंग्रजी आलं नाही. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं मनगटावरचं घड्याळ दाखवून विचारलं, हे काय? ह्यांनी पाहिलं, त्यांना समजलं, ते मला दिसत होतं. ओठ हलवले आणि म्हणाले, 'घड्याळ.' डॉक्टरला ती नुसती बडबड वाटली. त्यानं मान हलवून काहीतरी लिहिलं. पेन दाखवलं, हे म्हणाले, 'लेखणी.' त्यानं पुन्हा मान हलवली. मी म्हणाले, डॉक्टर, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आणि मग मला रडू आलं. जन्मभर ज्या भाषेत शिकवलं ती बोलायला येत नाही आणि साताऱ्याच्या शाळेतली लेखणी तेवढी येते. ऐकलेलं इंग्रजी समजतं, वाचलेलं बरंचसं समजतं. बोलायला गेलं की वाट सापडत नाही. मराठीतही एखाददुसरा शब्द, फार तर अर्धं वाक्य. स्पीच थेरपिस्ट मुलगी चांगली आहे, पण तिला मराठी कुठलं. ती चित्रं दाखवते आणि मी शेजारी बसून उत्तर बरोबर की चूक ते सांगते.

दीपाचं काय झालं ते ऐक. तुला माहीतच आहे, जन्मापासून आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, 'बाबा, तू आज काय खाल्ली?' हे हसले. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा हसले. आणि म्हणाले, 'खाल्लं.' तेव्हापासून ती मुद्दाम चुकते की खरंच चुकते मला कळत नाही, पण ते दिवसभर तिला दुरुस्त करतात. काल तिनं तिळगूळ देताना 'गोड बोल आणि पुष्कळ बोल' म्हटलं. ते मात्र त्यांनी दुरुस्त केलं नाही.

आणखी एक गोष्ट. ही तुला टोचावी म्हणून लिहीत नाही, पण तुझ्यापासून लपवणंही बरोबर नाही. गेल्या जानेवारीत त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. मलासुद्धा नाही, फक्त दीपाला सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मत द्यायचं म्हणून. सप्टेंबरमध्ये मुलाखतीला बोलावणं आलं. वकील म्हणाले, आजारी माणसाला सवलत मिळते, आपण मागू. ह्यांनी नकार दिला. खुणांनी आणि तुटक शब्दांनी मला सांगितलं की, घटनेवरचे प्रश्न विचारणार आणि आपण मुक्यासारखं बसायचं, ते नको. मी आग्रह केला नाही. निवडणुकीच्या रात्री त्यांनी टीव्ही लावू दिला नाही, आम्ही पत्ते खेळलो.

आणि ऑक्टोबरमध्ये ती बस चालवणारी बाई आली, लोरेन. आता साठीला आली आहे. घरी भाजलेला भोपळ्याचा गोड 'पाय' घेऊन आली आणि आमच्या टेबलाशी बसून तो फळ्याचा सगळा किस्सा तिनं सांगितला. हे ऐकत होते, मध्येच छातीवर बिल्ल्याची खूण करून 'शेरीफ' राहिला म्हणून दाखवत होते. जाताना दारात तिनं मला हळूच विचारलं, तो ब्रदर-इन-लॉ खरंच आहे का हो? मला कळेना. मग ती म्हणाली की, प्रोफेसर दर तासाला काहीतरी सिद्ध करून दाखवायचे आणि फळा भरला की मागे वळून म्हणायचे, 'बट माय ब्रदर-इन-लॉ सेज...' आणि स्वतःच्याच म्हणण्याला सुरुंग लावायचे. बेकार झालेल्या माणसालाही प्रेसिडेंट का आवडतो? मेहुणा म्हणतो, कारण त्याला उद्या सकाळी उठायचं असतं. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असायचा, मेहुण्याला उत्तर द्या. मुलं वैतागायची, कारण मेहुण्याला हरवणं फार अवघड होतं. सगळ्यांची खात्री होती की असा कोणी मेहुणा नाही, प्रोफेसरांनी सोयीसाठी बनवला आहे. मी विचारलं, हे कधीपर्यंत चाललं? ती म्हणाली, तिची भाची गेल्याच हिवाळ्यात त्यांच्या वर्गात होती. तिलाही तोच प्रश्न होता.

गेल्या वर्षी, श्रीरंग. थँक्सगिव्हिंगनंतर सव्वा वर्षानं. घरात ह्यांच्या तोंडून तुझं नाव निघत नव्हतं आणि वर्गात तू रोज हजर होतास.

बुधवारी संध्याकाळी प्रेसिडेंटचं निरोपाचं भाषण होतं. तू पाहिलं असशीलच. सगळं होऊनही तो लोकांचा लाडका म्हणून चालला आहे. मी टीव्ही लावू की नको ह्या विचारात होते, तर ह्यांनीच खूण केली. भाषण संपलं. दीपा काहीतरी म्हणाली, की बाबा, मला हा आवडत नाही पण ऐकत राहावंसं वाटतं. आणि हे बोलायला लागले. 'श्रीरंग म्हणेल,' ते म्हणाले. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. 'श्रीरंग म्हणेल, माणूस. बघा दाजी, माणूस. नाही. चूक आहे. वेळ. तेल स्वस्त झालं. नोकऱ्या आल्या. वेळ बदलली.' मग थांबले. घाम आला होता. मला वाटलं, संपलं. पण पुन्हा म्हणाले, 'पण कार्टरलाही वेळ होती. वकिलात धरली, लोक आले जवळ. त्याला ते ठेवता नाही आले. म्हणजे वेळ ओळखायला... माणूस लागतो. म्हणजे श्रीरंग... पण आवडणं वेगळं. ऐकणं वेगळं. हा आवडला. पण काँग्रेसनं शेवटी शेवटी किती ऐकलं? ह्याचं उत्तर दे म्हणावं त्याला.'

नऊ महिन्यांत ते सलग एवढं कधी बोलले नव्हते. दीपा माझ्याकडे बघत होती, हलतही नव्हती. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली, काय केलं तुम्ही? मी म्हणाले, काही नाही, त्यांना माझ्या भावाचं म्हणणं खोडून काढायचं होतं. ती म्हणाली, मग भावाला बोलवा. मी गंमत समजले. पण त्यानंतर मी करून पाहिलं. पोहे खाताना मी म्हणाले, श्रीरंगला वाटतं नवा प्रेसिडेंट चांगला चालेल. लगेच चार वाक्यं आली. माझ्याशी बोलताना, दीपाशी बोलताना शब्द अडतात. आम्ही कळवळ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, अर्ध्यातच ओळखून हो म्हणतो, पुढचा शब्द हातात ठेवतो. आमच्या प्रेमापुढे त्यांना बोलायची गरजच उरत नाही.

आता पत्राचं कारण. मंडळाला जानेवारीत हॉल मिळाला नाही, म्हणून संक्रांतीचा कार्यक्रम फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आहे, नेहमीच्या शाळेच्या कॅफेटेरियात. सुलेखाताई सेक्रेटरी आहेत, त्या परवा बघायला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, पुरुषोत्तम, इतकी वर्षं झाली, प्रेसिडेंटबद्दल आम्हाला मराठीत कधी सांगितलं नाहीत, दहा मिनिटं बोलाल का? मी नाही म्हणणार होते. हे 'हो' म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश म्हणाले, 'श्रीरंगला बोलाव. समोर बसेल. नाहीतर येत नाही मला.' म्हणून लिहितेय. तुम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागावी म्हणून बोलावत नाहीये, त्याची त्यांना गरज दिसत नाही आणि तुलाही नसावी. तू आदल्या गुरुवारी ये, डेट्रॉइटला मी घ्यायला येईन, मी आता हायवेवर ड्राइव्ह करते. पण एक अट आहे. त्यांना पाहून तुला भरून येईल. हात हलताना दिसेल, शब्दासाठी थांबलेले दिसतील, आणि तू मान डोलवायला लागशील, बरोबर दाजी, खरंय दाजी. ते करायचं नाही. ते थांबले तर थांबू दे, शब्द पुरवू नकोस. आणि तुला पटलं नाही की, तिथल्या तिथे मोठ्यानं सांग. आल्या आल्या दारातच सुरुवात केलीस तरी चालेल.

तुझी वाट पाहणारी तुझीच,
अक्का